परमिट रूम : मुंबईतील वस्तीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात मंदिरे, वाडे, तालमी, ग्रंथालये, गिरण्या आणि अलीकडच्या काळात चाळी व खानावळी यांना साधन म्हणून मान्यता मिळाली आहे. दारू पिण्याची जागा मात्र या यादीत क्वचितच आढळते. मद्यपानाविषयी मराठीत लेखन थोडे झाले आहे असे नाही. परंतु ते बहुतांशी नीतीच्या अंगाने झाले. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० मध्ये, शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी हरकत घेतली. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने (१९१९) आर्यमदिरामंडळ रंगभूमीवर आणले आणि दारूने होणारा संसाराचा नाश मराठी मनावर कायमचा कोरला. या परंपरेचे मोल निर्विवाद आहे. तथापि दारू वाईट की बरी या प्रश्नाबरोबरच ती कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या कायद्याच्या छायेत प्यायली गेली, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील वस्त्यांमधील बारचा या दृष्टीने विचार केला आहे.

या विषयाचे पहिले साधन म्हणजे भाषा. दारूच्या दुकानाला मराठीत 'गुत्ता' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. सरकारने विक्रीचा हक्क मक्त्याने द्यायचा, मक्तेदाराने तो वसूल करायचा, ही आबकारीची जुनी रीत या एका शब्दात टिकून राहिली आहे. आज शिवीसारखा वापरला जाणारा 'बेवडा' हा शब्द मुळात माणसाचा नव्हे, तर दुबार गाळलेल्या दारूचा वाचक होता. 'नवटाक' हे शेराच्या आठव्या हिश्शाचे माप. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, बाजारातून शेर-पावशेर हद्दपार झाले. पण दारूच्या अड्ड्यावर नवटाक आणि पावशेर पुढेही दीर्घकाळ चालत राहिले. बेकायदा व्यवहाराने कायद्याने रद्द केलेले माप जपावे, हे चमत्कारिक असले तरी अस्वाभाविक नाही. अड्ड्यावर मापे तपासायला निरीक्षक येत नसतो, आणि आलाच तर त्याचे काम वेगळे असते.

मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्याने या व्यवसायाची रचना मुळापासून बदलली. त्यापूर्वी कोकणपट्टीत ताडी-माडी काढणे आणि तिच्यापासून दारू गाळणे हा भंडारी समाजाचा परंपरागत उद्योग होता. नव्या व्यवस्थेत ताडी काढण्याच्या झाडांवरील कर वाढला, घरगुती भट्ट्या बंद झाल्या आणि गाळप मोजक्या ठिकाणी एकवटले. मुंबईला मोहाच्या दारूचा पुरवठा करणाऱ्या भट्ट्या प्रामुख्याने उरणला होत्या. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांच्या व्यवहारावर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. यामागे लोकांनी कमी प्यावे हा हेतू किती आणि महसूल किती, याविषयी तेव्हापासून वाद आहे. परंतु परिणाम स्पष्ट आहे. जे पेय अंगणातल्या झाडापासून मिळत होते ते परवानाधारक दुकानातून, रोख पैशाने किंवा उधारीवर घ्यावे लागू लागले. शहरी वस्तीतील दारूचे दुकान ही संस्था या बदलातून घडली.

गिरणगावात या संस्थेला विशेष महत्त्व आले. गाव मागे ठेवून आलेला, दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणारा कामगार फावला वेळ घरात घालवू शकत नव्हता, कारण घर असे नव्हतेच. रस्त्याचा कोपरा, चहाचे दुकान, व्यायामशाळा, भजनी मंडळ आणि दारूचे दुकान हीच त्याची बैठकीची जागा होती. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाच्या इतिहासात वस्तीतील या संबंधांना गिरणीच्या आवाराइतकेच महत्त्व दिले आहे. नोकरी मिळवून देणारा जॉबर, कर्ज देणारा सावकार, वस्तीतील दादा आणि कामगार संघटनेचा कार्यकर्ता यांची गाठ ज्या ठिकाणी पडे, त्यांत दारूच्या दुकानाचाही समावेश होता. तेथे पगाराचा मोठा हिस्सा खर्च होई, ही त्याच वास्तवाची दुसरी बाजू.

बंदीच्या काळातील घर

१ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. या खात्याचे मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे स्वतः पारशी होते आणि दारूच्या व्यवसायात मोठी गुंतवणूक असलेल्या त्यांच्याच समाजातून या धोरणाला तीव्र विरोध झाला. बुडालेल्या महसुलाच्या भरपाईसाठी शहरी स्थावर मिळकतींवर कर बसला, त्यामुळे न पिणारा घरमालकही या वादात ओढला गेला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा प्रयोग ओसरला. स्वातंत्र्यानंतर मात्र मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. मोरारजी देसाई यांचे नाव या धोरणाशी कायमचे जोडले गेले.

या कायद्याला फ्रामजी बलसारा यांनी दिलेले आव्हान घटनात्मक इतिहासात प्रसिद्ध आहे. २५ मे १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने बाळगण्यावरील आणि वापरण्यावरील निर्बंध रद्द ठरवले, परंतु कायद्याचा मुख्य गाभा कायम ठेवला. कायद्याच्या वर्गात हा निकाल शिकवला जातो. ज्या वस्त्यांत तो कायदा रोज मोडला जात होता त्यांचा इतिहास मात्र कोणत्याच वर्गात शिकवला जात नाही.

बंदीमुळे दारू बंद झाली नाही, ती दुकानातून घरात गेली. धारावीच्या खाडीकाठी, उपनगरांतील दलदलीत हातभट्ट्या लागल्या. वांद्रे, माझगाव, भायखळा, धोबीतलाव या भागांत अनेक ख्रिस्ती स्त्रियांनी घरातील पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसवण्यास प्रारंभ केला आणि 'आंटीचा अड्डा' हा शब्दप्रयोग रूढ झाला. हिंदी चित्रपटांनी या आंटीचे विनोदी पात्र केले. वस्तुतः हा स्त्रियांच्या उपजीविकेचा इतिहास आहे. घर सोडून बाहेर पडण्याची सोय नसलेल्या स्त्रीला घरातच चालवता येणारा, पण अटकेची टांगती तलवार असलेला तो धंदा होता. स्त्री-श्रमाच्या अभ्यासात शिवणकाम, पापड आणि खानावळी यांची नोंद झाली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे खानावळवालीला इतिहासात स्थान मिळाले. आंटीला ते मिळालेले नाही. दुसऱ्या बाजूला याच चोरट्या व्यापारातून वरदराजन मुदलियारसारख्यांची सत्ता उभी राहिली आणि पोलीस व गुन्हेगार यांच्यातील हप्त्याचे नाते पक्के झाले. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि तेथे अशी बंदी नव्हती. गावोगावची तावेर्न तेथे उजळ माथ्याने चालत होती. धोबीतलावच्या 'कूड'मध्ये राहणाऱ्या गोवेकराला गावी जे सहज मिळे तेच मुंबईत गुन्हा ठरे.

पाटीवरचा कायदा

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून, दारूबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी देशी दारूच्या विक्रीलाही मुभा मिळाली. मात्र मूळ कायदा रद्द झाला नाही. तो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अस्तित्वात आहे. दारू पिणे हा अपवाद आणि त्यासाठी व्यक्तीकडे परवाना असणे आवश्यक, हे त्याचे सूत्र कायम आहे. परवानाधारकाने बसून पिण्याची खोली ती 'परमिट रूम'. मुंबई-महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला ही पाटी बुचकळ्यात टाकते, कारण खोलीत बसलेल्यांपैकी क्वचितच कोणाच्या खिशात परवाना असतो. बंदी उठवल्याचे मान्य न करता ती उठवण्याची ही शासकीय युक्ती प्रत्येक नाक्यावर विजेच्या दिव्यांनी लिहिलेली आहे. एवढा बोलका ऐतिहासिक दस्तऐवज इतक्या उघड्यावर दुसरा सापडणे कठीण.

परमिट रूमचे मालक कोण झाले, यातून स्थलांतराचा एक नकाशा मिळतो. कोपऱ्यावरच्या काही इराणी हॉटेलांनी चहा-मस्क्यावर भागेना तेव्हा बिअरचा परवाना घेतला. तुळुनाडूतून आलेल्या शेट्टी मंडळींनी उडुपी उपाहारगृहांत कप-बशा विसळत, रात्रशाळेत शिकत व्यवसायाची घडी आत्मसात केली होती. परवाने खुले झाल्यावर त्यांच्यातील अनेकांनी परमिट रूम काढल्या. परळ-लालबागच्या बारमध्ये सुरमईच्या तुकड्याशेजारी चखण्याला उकडलेले चणे आणि कोरी रोटीच्या वळणाचा रस्सा मिळतो, याचे कारण स्वयंपाकघरात कोण उभा आहे यात शोधावे लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप विधिवत मागे न घेताच विरला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी 'कथा मुंबईच्या गिरणगावची' मध्ये या काळाचा मौखिक इतिहास संकलित केला, त्यातून वस्तीची वाताहत कळते. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची वर्दळ ठरत असे त्या बारचे गिऱ्हाईकही तेव्हा बदलले. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि पब आले. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील दोन उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा कापड विणण्याच्या जागी आता काय चालते हे अनेकांना प्रथमच कळले.

कुलाब्याचे, १८७१ मध्ये इराण्यांनी सुरू केलेले लिओपोल्ड कॅफे देशोदेशींच्या प्रवाशांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा तेथे जपून ठेवल्या आहेत. वस्तीतल्या बारला असे चरित्र नसते. ते मिळवावे लागते. अभ्यासकाने अशा ठिकाणी गर्दीच्या वेळी न जाता दुपारी जावे. भिंतीवर लावलेला परवाना, त्यावरील नाव आणि वर्ष, गल्ल्यामागचे देव-देवता व पूर्वजांचे फोटो, पोटमाळा, मागच्या दाराची दिशा, 'फॅमिली रूम' केव्हा निघाली आणि केव्हा बंद झाली, या सर्वांची नोंद घ्यावी. सर्वांत मोलाचा साक्षीदार मालक नव्हे, जुना वेटर असतो. कोणता गट कोणत्या टेबलावर बसे, कोणाची उधारी वहीत होती, दंगलीच्या दिवसांत शटर कोणी ओढले, हे त्याला आठवते. या वयस्कर वेटरांपैकी पुष्कळजण गावी परतले आहेत, ही या कामातील निकडीची बाब आहे. पिणाऱ्यांची नावे मात्र नोंदवू नयेत. ज्याने घरी सांगितलेले नाही त्याचे गुपित इतिहासाच्या नावाखाली फोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथे एका गंभीर उणिवेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बारमध्ये बसून लिहिलेला इतिहास हा पुरुषांच्या मैत्रीचा, गप्पांचा आणि हळवेपणाचा इतिहास होतो. त्याच रात्रीचा दुसरा भाग चाळीतल्या खोलीत घडतो, आणि तो सांगणारी व्यक्ती बारमध्ये कधी आलेली नसते. विषारी दारूने २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत बळी घेतले. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. त्या घरांत मागे राहिलेल्यांच्या स्मृती या इतिहासाच्या परिशिष्टात टाकता येणार नाहीत. त्याचप्रमाणे डान्सबारवरील २००५ ची बंदी, २०१३ व २०१९ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांची चर्चा झाली ती बहुधा नैतिकता आणि हक्क या दोन टोकांवरून. तेथे काम करणाऱ्या स्त्रिया कोणत्या वस्तीत राहत आणि बंदीनंतर कोठे गेल्या, हा स्थानिक इतिहासाचा प्रश्न अद्याप बऱ्याच अंशी मोकळा आहे.

स्त्रियांनी या संस्थेविषयी दिलेला निकाल मात्र कागदोपत्री उपलब्ध आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदानाची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अनेक गावांत आणि प्रभागांत अशी मतदाने झाली, काही ठिकाणी बाटली आडवी झाली, तर काही ठिकाणी आवश्यक मतांची संख्या न भरल्यामुळे दुकान तसेच राहिले. राज्य उत्पादन शुल्क विभागातील परवान्याच्या फाइलीत खोलीचा मंजूर नकाशा, हस्तांतराच्या नोंदी आणि रहिवाशांच्या तक्रारी एकत्र येतात. इमारत पुनर्विकासाला गेली की परवाना नव्या पत्त्यावर हलतो. खोली उरत नाही, तिचा नकाशा मात्र फाइलीत राहतो. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या प्रभागातील अशा पाच-दहा फाइली व तितक्याच मुलाखती संकलित करण्याचे काम पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सहज हाती घेता येईल, आणि त्यातील निम्म्या मुलाखती बारबाहेरच्या स्त्रियांच्या असाव्यात.