संगणकाच्या गतीचा लगाम

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत मुरूड हें समुद्रकांठचें गांव आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण या गांवीं गेलें हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्मही १८५३ सालीं येथेंच झाला, हें स्मरणांत ठेवणारे थोडे. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिःशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत दीक्षितांनीं बीजसंस्काराचा विचार केला आहे. ग्रंथाच्या गणितानें येणारें ग्रहाचें स्थान आणि आकाशांत प्रत्यक्ष दिसणारें स्थान यांत अंतर पडूं लागलें, म्हणजे ज्योतिषी ग्रंथांतील मूळ अंकांनाच दुरुस्ती देत. तीच बीजसंस्कार होय. आलेल्या उत्तरांत वरवर फेर करणें सोपें. पण त्याचा उपयोग त्या उत्तरापुरताच. मुळांतील अंक बदलला म्हणजे पुढील सर्व पंचांगें बदलतात. दुरुस्ती बरोबर असेल तर लाभ सर्वांना, आणि चुकली तर तीही सर्वांत उतरते.

मुळांत बदल करावा कीं वरून करावा, हा जुना प्रश्न संगणकाच्या बाबतींतही निराळ्या रूपानें उभा राहिला. प्रत्येक संगणकाच्या पोटांत एक घड्याळ असतें. तें वेळ दाखविण्यासाठीं नसून ताल धरण्यासाठीं असतें. स्फटिकाच्या नियमित कंपनांतून ठोके निघतात, आणि त्या ठोक्यांवर प्रोसेसर आपलें काम पुढें सरकवितो. ठोके जितके जलद, तितकें काम जलद. उत्पादक जो वेग ठरवून देतो, तो पुष्कळदां त्या वस्तूची परमावधि नसतो. उन्हाळ्यापावसाळ्यांत आणि वर्षानुवर्षें यंत्र निर्धोक चालावें, म्हणून थोडी शक्ति राखून तो ठरविलेला असतो. ही राखीव शक्ति वापरण्याच्या खटपटीस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

ही खटपट दोन ठिकाणांहून करतां येते. संगणक सुरू होतांच, विंडोजसारखी कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीं, मदरबोर्डावरील एका चिपमध्यें बसविलेली आज्ञावली चालते. तिला फर्मवेअर, आणि रूढ भाषेंत बायोस, असें म्हणतात. तिच्यांतील अंक बदलणें हा एक मार्ग. संगणक पुरता चालूं लागल्यावर पडद्यावरील एखाद्या सॉफ्टवेअरमधून तेच अंक बदलणें हा दुसरा. परिणाम वरवर पाहतां एकच. परंतु या दोन मार्गांचा इतिहास पाहिला म्हणजे खरा प्रश्न वेगाचा नसून अधिकाराचा आहे, हें लक्षांत येतें.

आय. बी. एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला पहिला घरगुती संगणक विक्रीस काढला, तेव्हां त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. हा विचित्र आंकडा आला दूरचित्रवाणीच्या कृपेनें. अमेरिकेंतील रंगीत दूरचित्रवाणीच्या मापाशीं जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक त्यांत वापरला होता, आणि त्याचे तीन भाग केले म्हणजे ४.७७ येतात. १९८४ सालच्या ए. टी. या यंत्रांत १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून ६ मेगाहर्ट्झचा वेग मिळे. हौशी लोकांनीं तो स्फटिक काढून त्या जागीं १६ मेगाहर्ट्झचा बसविला, आणि थोडक्या खर्चांत यंत्र ८ मेगाहर्ट्झनें धांवूं लागलें. कंपनीस हें रुचलें नाहीं. पुढें काढलेल्या बायोसमध्यें तिनें वेगाची परीक्षा घातली. नेमल्यापेक्षां अधिक वेग आढळला तर यंत्र सुरूच होत नसे. १९८६ सालीं कंपनीनें स्वतःच ८ मेगाहर्ट्झचें ए. टी. बाजारांत आणलें. गतीच्या या इतिहासांत फर्मवेअर प्रथम आलें तें असें, पहारेकरी म्हणून.

पुढें स्फटिक बदलण्याची गरज उरली नाहीं. १९९२ सालच्या ४८६ डी. एक्स. २ या प्रोसेसरांत बाहेरच्या ठोक्यांची आंत दुप्पट होऊं लागली. गुणक आणि मूळ ठोका या दोहोंच्या गुणाकारानें वेग ठरूं लागला, आणि ते दोन्ही मदरबोर्डावरील जंपर नांवाच्या चिमुकल्या टोप्या हलवून बदलतां येऊं लागले. तैवानांतील अबिट कंपनीनें याच दशकांत जंपरांची कटकट काढून तें सारें बायोसच्या एका पानावर आणलें. कालचा पहारेकरी आज दार उघडणारा झाला. १९९८ सालीं इंटेलचा सेलेरॉन ३०० ए बाहेर पडला. त्याचा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला कीं साडेचारच्या गुणकानें ३०० चे ४५० होत, आणि पुष्कळ सेलेरॉन ती गति बिनतक्रार सहन करीत. कितीतरी महाग अशा पेन्टियम प्रोसेसराच्या तोडीचें काम त्या स्वस्त वस्तूनें केलें.

परंतु जेथें फायदा दिसतो तेथें लबाडीही पोंचते. मंद प्रोसेसरावरील आंकडा पुसून त्यावर जलद आंकडा छापणारे व्यापारी निघाले. साधा गिऱ्हाईक, ज्यानें ओव्हरक्लॉकिंगचें नांवही ऐकलें नव्हतें, तो न कळत ताणलेलें यंत्र घरीं नेऊं लागला. इंटेलनें गुणकास कुलूप घातलें तें कांहीं अंशीं याच कारणानें. पुढें २०१० पासून कंपनीनें के हें अक्षर लावलेले बिनकुलुपाचे प्रोसेसर निराळे विकण्यास प्रारंभ केला. जी गोष्ट पूर्वीं युक्तीनें मिळे, तिला आतां किंमत लागली.

याच सुमारास दुसरा मार्गही रुळला. २००७ सालीं ए. एम. डी. कंपनीनें ओव्हरड्राइव्ह आणि २०१७ सालीं रायझेन मास्टर हीं सॉफ्टवेअरें दिलीं. इंटेलचेंही तसेंच एक साधन आहे. पडद्यावरील पट्टी सरकवावी, उष्णतेचा आंकडा पाहावा, न मानवल्यास मागें यावें, असा हा सुखाचा मार्ग. येथील मुख्य गुण विस्मरणाचा आहे. अंक चुकून यंत्र गोठलें, तर तें बंद करून पुन्हां सुरू करावें; सॉफ्टवेअरला तसें शिकवून ठेवलें नसेल तर चुकलेला अंक पुसून गेलेला असतो. बायोसमधील अंक मात्र टिकतो. तो कार्यप्रणाली उठण्यापूर्वींच लागू होतो, म्हणून तो चुकला तर पडदा काळाच राहतो, आणि प्रसंगीं मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी काढून ती आठवण पुसावी लागते. उलट बायोसचा अंक कोणत्याही कार्यप्रणालीखालीं सारखाच चालतो, आणि पाठीमागें चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर त्याची भिस्त नसते.

कोणत्याही मार्गानें गेलें तरी किंमत उष्णतेच्या रूपानें द्यावी लागते. चालत्या प्रोसेसरांत खर्च होणारी शक्ति वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग १० टक्के वाढविला आणि तो टिकावा म्हणून दाबही १० टक्के वाढविला, तर ही शक्ति सुमारें ३३ टक्के अधिक लागते, आणि ती सारी उष्णता होऊन बाहेर पडते. पंख्यानें प्रोसेसर खोलींतल्या हवेहून थंड होऊं शकत नाहीं. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलींत जो अंक निर्धोक ठरला, तो वैशाखांत ३३ अंशांवर असलेल्या रत्नागिरीच्या घरांत सुमारें अकरा अंश अधिक तापलेल्या प्रोसेसरावर लागूं होतो. यावर हवेहून थंड करणारीं साधनें आणावींत, तर कोंकणच्या दमट हवेंत थंड भागावर दंव धरतें, आणि पाणी व वीज यांचें सख्य नाहीं. परदेशांतील आंकडे येथें तसेच्या तसे उतरवून घेणें शहाणपणाचें नव्हे, तें यामुळें.

उष्णतेच्या या भिंतीवर खुद्द उत्पादकही आदळले. ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ काढण्याचा बेत इंटेलला २००४ सालीं सोडावा लागला, आणि एकाच्या जागीं अनेक गाभे बसविण्याची वाट धरावी लागली. मोठ्या संगणकांत त्या वाटेनें पुण्यानें आधींच पाऊल टाकलें होतें. हवा असलेला बलाढ्य क्रे संगणक देण्यास अमेरिकेनें नकार दिल्यावर १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था पुण्यांत उभी राहिली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० तयार झाला. एकाच घोड्यास चाबूक मारण्याऐवजीं साधारण वेगाचे अनेक प्रोसेसर एका गाड्यास जोडावयाचे, हें त्याचें सूत्र होतें.

अधिकाराचा प्रश्न खरा पेटला तो अलीकडे. २०१९ च्या डिसेंबरांत बर्मिंगहॅम, ग्राट्झ व लूव्हेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं प्लंडरव्होल्ट हा हल्ला प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअरमधून इंटेलच्या प्रोसेसराचा दाब नेमका खालीं आणला, तर त्याच्या गुणाकारांत चुका घडवितां येतात, आणि त्या चुकांवरून सुरक्षित कप्प्यांतील गुप्त किल्ली काढतां येते, असें त्यांनीं दाखविलें. ज्या दारानें हौशी मनुष्य आंत जात असे, तेंच दार यंत्रावर पूर्ण ताबा मिळविलेल्या चोरासही मोकळें होतें. इंटेलनें दुरुस्ती दिली, आणि पुष्कळ यंत्रांत नव्या बायोसनें तें दार बंद केलें. लॅपटॉप थंड राहावा म्हणून दाब कमी करणारे निरुपद्रवी लोकही त्यांत बाहेर राहिले.

यावरून मूळ सुरक्षित आणि वरचें धोक्याचें, असा निष्कर्ष निघाला असता. पण तोही टिकला नाहीं. २०२३ सालीं ए. एम. डी. चे कांहीं नवे प्रोसेसर मदरबोर्डावर बसल्या जागीं जळाले, आणि एका भागाचा दाब १.३ व्होल्टच्या वर जाऊं नये असें बंधन फर्मवेअरमध्येंच घालावें लागलें. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं प्रोसेसर कारण नसतां बंद पडूं लागले. प्रोसेसरांतील मायक्रोकोडच गरजेहून अधिक दाब मागत होता. ऑगस्टमध्यें दुरुस्ती आली, हमी दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. परंतु जी झीज आधींच झाली होती ती दुरुस्तीनें भरून येणारी नव्हती. ज्यांनीं एकाही अंकास हात लावला नव्हता, तेही तींत सांपडले होते.

वरून केलेला बदल उघड दिसतो, लवकर चुकतो आणि लवकर मिटतो. मुळांतील बदल दिसत नाहीं, टिकतो, आणि चुकला तर त्याची झळ निजलेल्यासही लागते. म्हणून जाणते लोक नवा अंक आधीं सॉफ्टवेअरमधून, एका वेळीं एकच, थोडाथोडा बदलून पाहतात, आपल्याच घरच्या उन्हाळ्यांत दिवसचे दिवस पारखतात, आणि पटल्यावरच बायोसमध्यें लिहितात. बीजसंस्कार करणारे ज्योतिषीही आकाशाशीं ताडून पाहिल्यावांचून मूळ अंकास हात लावीत नसत. हाच नियम कारखानदारांनीं पाळावा, एवढी अपेक्षा विकत घेणाऱ्यानें ठेवणें अवास्तव नाहीं. कारण मुळांत लिहिण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, चुकीची जबाबदारीही त्याचीच.