भाड्यांतलें पाणी

मुंबईंत जागा पाहावयास गेलेला गृहस्थ पूर्वी दोन गोष्टी आधीं विचारीत असे: भाडें किती, आणि नळाला पाणी किती वाजतां येतें? पाण्याचे पैसे निराळे पडतील काय, हें त्याच्या मनांतहि येत नसे. नळाचें पाणी, जिन्यांतला दिवा, शौचकूपांची सफाई हीं भाड्यांतच धरलेलीं असत. खोलींतल्या विजेचें बिल मात्र बहुधा बिऱ्हाडकरूच भरी. ही वहिवाट पडली कशी आणि तिच्यापायीं कज्जे कां माजले, तेवढें आज सांगावयाचें आहे.

मुंबईचें पाणी एके काळीं विहिरींचें व तळ्यांचें. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं नळानें शहरांत आलें. तानशाचें १८९२ सालीं. पुढें मलेरियाच्या भयानें शहरांतल्या कित्येक विहिरी झांकल्या वा बुजविल्या गेल्या. मग चाळकऱ्याला नळावांचून गत्यंतर उरलें नाहीं, आणि नळ तर मालकाच्या इमारतीचा!

त्यांतच १८८८ चा म्युनिसिपालिटीचा कायदा आला. त्यानें पाणीपट्टी बसविली ती इमारतीच्या भाडेमूल्यावर, आणि जागा भाड्यानें दिलेली असल्यास पट्टी प्रथम वसूल करावयाची ती मालकाकडून. मालकानें ती भाड्यांत मिळवून घेतली, हें ओघानेंच आलें. त्याच कायद्यांत 'हलालखोर पट्टी' नांवाची दुसरी एक पट्टी होती. शब्दाचा अर्थ पाहा: कष्टाची, हक्काची भाकर खाणारा! मैला वाहणाऱ्याला हें भारदस्त नांव देऊन शहर मोकळें झालें. त्याच्या श्रमाचें मोल दरमहा भाड्यांतून जाई. पण भाडें देणाऱ्यांपैकीं किती जणांस त्या माणसाचें नांव ठाऊक होतें?

महायुद्धाच्या टंचाईंत भाडीं भडकलीं तेव्हां १९१८ सालीं सरकारनें त्यांना प्रथम लगाम घातला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें तर सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच प्रमाण ठरविलें. पट्ट्या वाढल्या तर तेवढी वाढ मालकाला भाडेकऱ्याकडून घेतां येई. मूळ भाडें मात्र जागचें हालेना.

येथेंच खरी मेख आहे. भाडें वाढवितां येत नसलें, तरी भाड्यांत मिळणारें कमी करतां येतें. पावतीवरचा आंकडा तोच. पण पंप नादुरुस्त, जिना अंधारा, सफाईवाला चार दिवस फिरकलेला नाहीं. हंडा घेऊन शेजारच्या चाळींत जाणाऱ्या बाईच्या दृष्टीनें ही भाडेवाढ नव्हे तर काय? आणि भाडेकरूच कंटाळून उठून गेला, तर पागडी घेऊन नवा बसवितां येई.

कायदा करणाऱ्यांना हें उमगलें होतें. १९४७ च्या कायद्यांतील २४ वें कलम सांगत असे कीं, पाणी, वीज, वाटेवरचे व जिन्यांतले दिवे, सफाई, या आवश्यक सोयी योग्य कारणावांचून मालकानें तोडूं वा रोखूं नयेत. ज्या जिन्यावर ठेंच लागेपर्यंत कोणी दिव्याची आठवण काढीत नाहीं, त्या दिव्याला कायद्यांत जागा मिळाली!

मालकाची बाजूहि अगदीं पोकळ नव्हती. १९४० च्या भाड्यांत पुढच्या काळचा गवंडी व प्लंबर कसा परवडावा? तेंच भाडें कायम गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलें नाहीं, असें १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि म्हटलें. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, आणि त्यानें वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. परंतु नळाच्या बाबतींत तो सैल झाला नाहीं, उलट त्याच्या २९ व्या कलमाचें स्पष्टीकरण मोठें मार्मिक आहे: मालकाच्या कृतीमुळें किंवा हयगयीमुळें म्युनिसिपालिटीनें पाणी बंद केलें, तरी तें मालकानेंच रोखलें असें धरलें जातें.