धोडपची जन्मवेळ

कळवणहून ओतूरच्या वाटेला लागले की धोडपचा किल्ला नजरेतून सुटत नाही. वर शिवलिंगासारखा सुळका आणि त्याला बिलगून गेलेली काळी, ताशीव भिंत. तिच्या मध्येच एक खाच, जणू कोणी तरवारीचा घाव घातला आहे. इतिहास शिकविणारा मास्तर असल्यामुळे दर वर्षी मी मुलांना सांगत असे, की १७६८ च्या जून महिन्यात थोरल्या माधवराव पेशव्यांनी आपल्या काकांचा, राघोबादादांचा, येथे पराभव केला आणि त्यांना पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात अटकेत ठेवले. काकापुतण्यांच्या भांडणाची मुलांना भारी गोडी! एके वर्षी मात्र मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ती भिंत पेशव्यांनी बांधली का राघोबांनी?"

वर्ग हसला. मी म्हणालो, कोणीच नाही. जमिनीच्या भेगेत तप्त शिलारस घुसला आणि थिजला. भोवतालचा खडक ऊनपावसाने झिजून गेला, हा तेवढा टणक म्हणून उभा राहिला. थर चिरून तो वर आला, तेव्हा त्या थरांहून धाकटाच.

"पण केव्हा, गुरुजी?"

आता मी गप्प. लढायांच्या तारखा तोंडपाठ असलेल्या मास्तराला रोज समोर दिसणाऱ्या डोंगराची तारीख ठाऊक नव्हती. मॅट्रिकपुरते रसायनशास्त्र कोठवर पुरणार? मग पुस्तके धुंडाळली, आणि कळले ते असे, की ही नोंद एका आळशाने ठेवली आहे.

त्या आळशाचे नाव आर्गॉन. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा हजारी पाच भाग जड का भरतो, या कोड्यामागे लॉर्ड रॅले लागले, आणि १८९४ मध्ये त्यांनी व विल्यम रॅम्से यांनी हा लपलेला वायू उजेडात आणला. कोणाशीही संयोग पावत नाही, म्हणून ग्रीक भाषेतला 'आळशी' हाच शब्द त्याला चिकटला. हवेत तो शंभरात जवळजवळ एक भाग आहे. राजवायूंच्या कुळातला हा पुरुष. आपल्या प्रत्येक श्वासाबरोबर आत जातो आणि कोणाशी न बोलता बाहेर येतो.

वजनावरून पाहता त्याचे तीन स्थिर समस्थानिक आहेत: ३६, ३८ आणि ४०. हवेतल्या हजार आर्गॉन-अणूंपैकी ९९६ हे ४० वजनाचे. सूर्यात मात्र ३६ चे राज्य! पृथ्वीवरच हा धाकटा एवढा माजला कसा? १९३७ मध्ये जर्मनीच्या वाइत्सेकर यांनी तर्क केला, की तो खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० च्या पोटी जन्मला असावा. १९४८ मध्ये ऑल्ड्रिच व नीर यांना जुन्या खनिजांत तो खरोखरच कोंडलेला सापडला. पोटॅशियम-४० निम्मे उरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात, आणि क्षय पावणाऱ्या शंभर अणूंपैकी साधारण अकरांचा आर्गॉन होतो, बाकीच्यांचे कॅल्शियम. रस उकळता असतो तोवर वायू निसटून जातो. रस थिजला की कोठाराचे दार बंद, आणि हिशेब शून्यापासून सुरू.

पण कोठाराला भोके असली तर? आपला काळा पाषाण कुजतो, त्यातला वायू गळतो, बाहेरची हवा आत शिरते. हवेची भेसळ ओळखता येते. तिच्यात दर एका आर्गॉन-३६ मागे ४० चे सुमारे २९८ अणू असतात, तेवढे वजा करावयाचे. गळती मात्र फसवते.

यावर क्रेग मेरीह्यू व ग्रेनव्हिल टर्नर यांनी युक्ती काढली. ती १९६६ मध्ये छापून आली. मेरीह्यू आदल्याच वर्षी डोंगर चढताना दगावला होता. दगडाचा तुकडा अणुभट्टीत ठेवावयाचा. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने साध्या पोटॅशियम-३९ पैकी काहींचा आर्गॉन-३९ होतो. हा किरणोत्सारी, निम्मा व्हायला याला सुमारे २७० वर्षे हवीत. म्हणजे राघोबांच्या पराभवाच्या दिवशी तयार झाला असता तर आज निम्म्याहून थोडा जास्त शिल्लक असता. प्रयोगशाळेच्या कामाला तेवढा पुरून उरतो. मग सराफ सोने तावून पाहतो तसा दगड पायरीपायरीने तापवावयाचा, आणि दर पायरीला निघालेल्या ४० आणि ३९ यांचे प्रमाण मोजावयाचे. सगळ्या पायऱ्यांनी एकच वय सांगितले तर दगड खरा बोलतो. दर पायरीला साक्ष फिरली तर गळका.

दख्खनच्या या काळ्या थरांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. त्यांची वये आधी फार विस्कळीत येत; कोणी म्हणे तीन कोटी वर्षे, कोणी म्हणे दहा. १९८८ मध्ये डंकन व पाइल यांनी याच रीतीने सह्याद्रीचे थर तपासले. वेंकटेशन, पांडे व गोपालन यांचा निबंध १९९३ चा. पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तही या कामाची प्रयोगशाळा उभी राहिली. आजचे उत्तर असे, की बहुतेक सारा रस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहूनही कमी अवधीत बाहेर पडला.

वाचकहो, हा वेळ नेमका ठरवण्यासाठी एवढा आटापिटा का? त्याच सुमारास डायनोसॉर नाहीसे झाले, आणि त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळली. खुनाच्या खटल्यात आरोपी दोन. आपला सह्याद्री त्यातला एक! २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात दोन साक्षी झाल्या. आर्गॉनवाले म्हणाले, बहुतांश रस विनाशानंतर वाहिला. युरेनियम व शिसे मोजणारे म्हणाले, एक मोठा लोट विनाशाच्या ऐन आधीचा. दोन्ही पक्ष हजारो वर्षांच्या फरकासाठी भांडतात, आणि आम्हाला मात्र येथे तलाठ्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचा उतारा मिळायची मारामार.

गेल्या साली हे सारे मी वर्गात सांगितले. फळ्यावर खडूने एक बोटभर रेघ ओढली: ही राघोबादादांपासून आजपर्यंतची. याच मापाने धोडपच्या काळ्या थरांच्या जन्मापर्यंत जायचे तर रेघ दारातून बाहेर काढून सुमारे पाच किलोमीटर ओढत न्यावी लागेल. मुले दाराकडे पाहू लागली. थोड्या वेळाने एकाने हात वर केला.

"गुरुजी, यातले परीक्षेला कुठवर आहे?"

मी त्या बोटभर रेघेवर हात ठेवला.