पाऊस चांगला होऊनही गावात टँकर का येतो? शिवाराचा ताळेबंद म्हणजे काय?

पाऊस चांगला झाला, तरी मार्च-एप्रिल उजाडला की टँकर सुरू. महाराष्ट्रातल्या अनेक गावांची ही नेहमीची गोष्ट. मग चुकतं कुठं?

बहुतेक वेळा आपण शेतीचा हिशोब बांधापुरता करतो. एकरी उत्पन्न किती निघालं, बोअरला पाणी किती आहे, एवढंच बघतो. पण जमिनीखालचं पाणी सातबारा बघून थांबत नाही. शेजारी खोल बोअर झालं की आपली विहीर आटू शकते. डोंगरावरचं गवत गेलं की माती वाहून ओढ्यात येते. म्हणून शेती टिकणार का, हे डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंतच्या अख्ख्या शिवारावरून ठरतं.

शिवार तपासायचं, तर काय बघायचं?

- पाणी: दरवर्षी एकाच महिन्यात मोजलेली विहिरींची पातळी वाढतेय की घटतेय?
- माती: माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब किती येतो? 0.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर जमीन अशक्त होत चालली आहे.
- गवत आणि झाडं: डोंगर, गायरान, बांध हिरवे आहेत की उघडे?
- उत्पन्न: एक पीक गेलं, तर घर कशावर चालतं?

हिवरे बाजारनं काय केलं?

अहिल्यानगर (आधीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हे दुष्काळी गाव. एकेकाळी लोक कामासाठी गाव सोडून जायचे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर 1990 च्या दशकात गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. श्रमदानातून डोंगरावर समतल चर खोदले, झाडं लावली. चराई थांबली, गवत वाढलं आणि ते कापून आणल्यामुळं दुधाचा धंदाही वाढला.

पण खरी गोष्ट पुढची आहे. पाणी अडवल्यावर गावानं ते वापरायचे नियमही केले. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात, ते मग ठरवायचं.

हा हिशोब कसा करतात?

1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे 10 हजार लिटर पाणी. 1,000 हेक्टरच्या गावात 400 मिलिमीटर पडला, तर 400 कोटी लिटर. आकडा मोठा दिसतो. पण त्यातलं बरंच पाणी वाहून जातं, बरंच वाफ होऊन उडतं. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुरायलाही जागा कमी.

आता खर्चाची बाजू बघा. ज्वारीला पूर्ण हंगामात साधारण 450 ते 650 मिलिमीटर पाणी लागतं, उसाला 1,500 ते 2,500. म्हणजे वर्षाला 400 मिलिमीटर पाऊस असलेल्या शिवारात ऊस लावला, तर तो शेजारच्या शेतांच्या वाट्याचं पाणी पिणार, हे उघड आहे.

मग शेततळी, बंधारे यांचं काय?

त्यांचा उपयोग आहेच. पण बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरलं, तर जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात उघडं पडतं. गावातलं पाणी वाढत नाही, फक्त एकाच्या ताब्यात जातं. नुसते बंधारे मोजून शिवार सुधारलं असं म्हणता येत नाही, ते मे महिन्यातली विहिरींची पातळी सांगते.

आपल्या गावात सुरुवात कुठून करायची?

एक पर्जन्यमापक, चार-पाच ठरलेल्या विहिरी आणि एक वही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या भागातले आकडे मागवता येतात. रब्बीची पेरणी व्हायच्या आधी ते ग्रामसभेत मांडा. ऊस लावायचा की हरभरा, हा प्रश्न तेव्हा एकट्याचा राहत नाही. कारण टँकर आला, तर तो अख्ख्या गावासाठी येतो.