पाठीमागची गाणी

पेट शॉप बॉइज या इंग्लिश जोडीच्या 1985 ते 2020 या काळातल्या सिंगल्सचा एक संच 2023 साली निघाला. त्याचं नाव ‘स्मॅश’ आणि त्यात 55 गाणी. जग या दोघांना ओळखतं ते या गाण्यांमुळे. माझ्या घरात मात्र त्यांचे दुसरेच दोन संच जास्त वाजले आहेत. 1995 चा ‘ऑल्टरनेटिव्ह’, त्यात 30 गाणी. आणि 2012 चा ‘फॉरमॅट’, त्यात 38. बेरीज 68. ही सगळी गाणी सिंगल्सच्या पाठीवर किंवा त्यांच्या जोडीला म्हणून निघाली. तिकडे त्यांना बी-साइड म्हणतात. पुढच्या बाजूला जेवढी गाणी, त्यापेक्षा पाठीमागे जास्त, असा हा हिशोब आहे.

माझ्यापर्यंत ती उशिरा पोचली. नव्वदच्या दशकात मुंबईत परदेशी पॉप मिळायचं ते अल्बमच्या कॅसेटींवर. इंग्लंडमध्ये ज्याला सिंगल म्हणत, म्हणजे पुढे एक आणि मागे एक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, ती आमच्या दुकानांत पाहिल्याचं मला आठवत नाही. केबलवर त्यांच्या ‘गो वेस्ट’ या गाण्याचा व्हिडिओ पाहून मी ते असलेल्या ‘व्हेरी’ या अल्बमची कॅसेट घेतली आणि या दोघांचं जग एवढंच, असं धरून चाललो. मग एका मित्राच्या मोठ्या भावाने लंडनहून येताना ‘ऑल्टरनेटिव्ह’ आणला. तीस गाणी, आणि त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं! ज्या घरात आपलं रोजचं जाणंयेणं, त्या घराला मागे एवढी मोठी खोली आहे हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं त्या रात्री वाटलं. ही खोली बांधली कुणी आणि कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे.

त्याचं उत्तर शोधत गेलं की आपण लाखेच्या तबकडीपाशी जाऊन पोचतो. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याच्या तबकड्या सुरुवातीची काही वर्षं एकाच बाजूने वाजायच्या. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गोहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हाही पद्धत तीच होती, पाठ कोरी. 1904 साली जर्मनीच्या ओडियन कंपनीने दोन्ही बाजूंना गाणी असलेली तबकडी बाजारात आणली आणि या कोऱ्या पाठीचा प्रश्न सुटला. लाख तेवढीच, खोका तेवढाच, आणि गिऱ्हाइकाला एका खरेदीत दोन गाणी. ही लाख बहुतांशी आपल्या देशातूनच तिकडे जात असे. आपल्याकडेही मग एका बाजूला ख्याल, दुसरीला ठुमरी नाहीतर नाट्यपद अशा जोड्या निघाल्या. त्यात थोरली बाजू कोणती आणि धाकटी कोणती, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं.

थोरली-धाकटी ही वाटणी पुढे बाजाराने पक्की केली. 1949 साली अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला 45 फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड आणली. रेडिओ केंद्रांना, नाणं टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्सना आणि खिशात मोजके पैसे असलेल्या पोरांना ती चांगलीच सोयीची पडली. रेडिओवर कोणती बाजू लावायची हे कंपनीला सांगावं लागे. ती ए बाजू. उरलेली ती बी. या उरलेल्या बाजूचं अर्थकारण मात्र मजेशीर होतं. रेकॉर्ड विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकारांना सारखंच मानधन मिळे. ए बाजूने कमवायचं आणि बी बाजूने तेवढंच घ्यायचं. त्यामुळे कित्येक निर्माते घाईघाईत केलेलं स्वतःचं काहीतरी मागे चिकटवून देत. फिल स्पेक्टर तर पाठीवर मुद्दाम वादकांनी सहज छेडलेले वाद्यसंगीताचे तुकडे टाकायचा, म्हणजे रेडिओवाल्याला रेकॉर्ड उलटण्याचा मोह होऊ नये.

तरी रेकॉर्ड उलटली जायचीच. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ 1954 साली दुसऱ्याच एका गाण्याच्या पाठीवर आलं होतं. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ 1978 साली आधी बी बाजूला होतं. डिस्कोतल्या डीजेंनी ते उलटून वाजवलं आणि पुढचं गाणं मागे पडलं. बीटल्सनी 1966 साली ‘पेपरबॅक रायटर’च्या मागे ‘रेन’ ठेवलं, उलट्या फिरवलेल्या टेपचा आवाज गाण्याच्या शेवटी घातला, आणि पाठीची बाजू म्हणजे प्रयोगाची जागा हेही दाखवून दिलं. पडेल माल, लपलेलं नशीब आणि प्रयोगशाळा असे तीन वारसे घेऊन बी-साइड ऐंशीच्या दशकात आली. सिंथ-पॉपवाल्यांना, म्हणजे यंत्रांवर पॉप रचणाऱ्यांना, तिसरा वारसा भावला.

त्याचं एक कारण यंत्रांत होतं. ढोलवाला, गिटारवाला, तालमी, स्टुडिओचं मोठं भाडं, यांतलं काही नसलं तरी चालायचं. कीबोर्ड, सूर आणि ठेका लक्षात ठेवून परत वाजवणारा सीक्वेन्सर, आणि कुठलाही आवाज मुद्रित करून पट्ट्यांवर बसवणारा सॅम्पलर, एवढ्यावर दोन माणसं गाणं उभं करू शकत. पेट शॉप बॉइजच्या ‘वेस्ट एंड गर्ल्स’मधले बहुतेक आवाज एम्युलेटर नावाच्या सॅम्पलरमधून आलेले आहेत. असं साधन हाताशी असलं की सिंगलच्या पाठीवर काय घालायचं ही अडचण राहत नाही, तिची संधी होते.

दुसरं कारण या दोन माणसांत होतं. नील टेनंट न्यूकॅसलजवळच्या नॉर्थ शील्ड्सचा, ख्रिस लोव ब्लॅकपूलचा. 1981 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात दोघांची गाठ पडली. ख्रिस वास्तुकलेचा विद्यार्थी. नील पुढे ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या पाक्षिकात नोकरीला लागला. इतरांच्या सिंगल्सबद्दल लिहिणं हे त्याचं काम. सिंगल ही आख्खी वस्तू असते, तिचं वेष्टन, तिचं अक्षरलेखन, तिची पाठ, सगळ्याला अर्थ असतो, हे त्याने गिऱ्हाईक आणि समीक्षक या दोन्ही नात्यांनी जाणलं होतं. 1983 साली पोलिस या बँडबद्दल लिहायला तो न्यूयॉर्कला गेला, तिथे आवडता निर्माता बॉबी ऑर्लंडो याला भेटला, आणि 1984 मध्ये ‘वेस्ट एंड गर्ल्स’ची पहिली आवृत्ती निघाली. स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर नव्याने केलेली आवृत्ती जानेवारी 1986 मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. त्याआधीच, 1985 च्या ‘ऑपॉर्च्युनिटीज’च्या पाठीवर, त्यांनी मागच्या खोलीत काय चालणार आहे ते दाखवलं होतं.

ते गाणं ‘इन द नाइट’. विषय, नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमधले झाझू. लांबलचक कोट घालणारी, जाझवर नाचणारी ही तरुण पोरं जर्मनांना नकोशी होती आणि प्रतिकार करणाऱ्यांनाही. गाणं त्यांना विचारतं की तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, मग हे तटस्थ राहणंही एक प्रकारे साथ देणंच झालं की नाही? नाचायच्या ठेक्यावर हा प्रश्न! पहिल्या बाजूला पैशाची स्वप्नं पाहणाऱ्यांचं गाणं आणि मागे हे. पुढे आर्थर बेकरने त्याचं रीमिक्स केलं आणि 1986 पासून बीबीसीच्या ‘द क्लोथ्स शो’ या फॅशनवरच्या कार्यक्रमाची धून म्हणून ते इंग्लंडातल्या घराघरांत वाजू लागलं. कपड्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या झाझूंचं गाणं कपड्यांच्याच कार्यक्रमाला लागावं, याहून नेमकं ठिकाण त्याला कोणतं मिळालं असतं?

त्याच वर्षी ‘सबर्बिया’च्या मागे ‘पॅनिनारो’ आलं. मिलानमध्ये सँडविचच्या दुकानांपाशी जमणारी, महागडे बूट आणि फुगीर जॅकेटं घालणारी पोरं म्हणजे पॅनिनारी. एरवी कीबोर्डमागे मुकाट उभा राहणारा ख्रिस इथे तोंड उघडतो. तो गात नाही; कोरड्या आवाजात एकेक शब्द मांडत जातो, दुकानदार गल्ल्यावर नाणी मांडतो तसा. मध्येच त्याच्या टीव्हीवरच्या मुलाखतीचा तुकडा येतो. आपल्याला कोणकोणतं संगीत आवडत नाही याची यादी तो देतो, आणि जे आवडतं ते मात्र जिवापाड आवडतं असं सांगून थांबतो. मला पेट शॉप बॉइजची सगळी वृत्ती या तुकड्यात सापडते. इंग्लंडात पुढच्या बाजूला हे गाणं ठेवायची हिंमत तेव्हा कुठल्या कंपनीने केली असती असं वाटत नाही. पाठीवर ते निभावलं, लोकांनी उचलून धरलं, आणि 1995 मध्ये नव्याने मुद्रित होऊन ते स्वतःच सिंगल झालं.

मागून पुढे आलेलं हे एकटंच नाही. ‘रेंट’च्या पाठीवरच्या ‘आय वॉन्ट अ डॉग’मध्ये छोट्या घरात एकटा राहणारा माणूस आपल्याला कुत्रा हवा म्हणतो, इतका साधा विषय आहे. शिकागोच्या ‘हाउस’ या नृत्यसंगीताचा मोठा डीजे फ्रँकी नकल्स याने ते नव्याने मिसळलं आणि 1988 च्या ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ अल्बममध्ये त्याला मानाची जागा मिळाली. ‘गो वेस्ट’च्या मागचं ‘शेमलेस’, प्रसिद्धीसाठी काहीही करायला तयार असलेल्यांचं गाणं, 2001 मध्ये या जोडीच्याच ‘क्लोजर टू हेवन’ या संगीतिकेतून लंडनच्या रंगमंचावर गेलं.

आणि एक गाणं पुढे न येताच मोठं झालं. 1989 च्या उन्हाळ्यात ‘इट्स ऑलराइट’ हे सिंगल निघालं. मूळ गाणं शिकागोच्या स्टर्लिंग व्हॉइडचं. जगात कितीही वाईट चाललं असलं तरी संगीत टिकेल, असा त्याचा धीर. त्याच्या मागच्या दोन गाण्यांपैकी एक ‘युवर फनी अंकल’, जेमतेम अडीच मिनिटांचं. नीलचा न्यूकॅसलच्या दिवसांपासूनचा मित्र एड्सने गेला, त्याच्या अंत्यविधीचं हे वर्णन. ठेका नाही, पियानोची सरळ चाल. शोकाला जमलेले मित्र, गाड्या, आणि सैन्यात राहिलेल्या माणसाच्या ताठ चालीचा मयताचा काका. तो या सगळ्या तरुणांकडे पाहतो आहे. काकाला काय कळलं, काय कळलं नाही, हे गाणं सांगत नाही. शेवटी बायबलच्या अखेरच्या पुस्तकातलं, दुःख आणि वेदना सरण्याचं आश्वासन येतं आणि गाणं संपतं. याच मित्राची आठवण 1990 च्या ‘बीइंग बोअरिंग’मध्ये आहे आणि ते गाणं पुढे अनेकांचं लाडकं झालं. पण पहिलं रडणं पाठीमागच्या खोलीत झालं होतं, जिथे रेडिओवाला येणार नव्हता.

ज्या दिवसांत ही गाणी होत होती त्याच दिवसांत त्यांची जागा नाहीशी होऊ लागली होती. सीडीला पाठ नसते. चकचकीत बाजूवर एकामागून एक गाणी. बी-साइड हा शब्द तेवढा जुन्या गावाच्या नावासारखा चालत राहिला. सीडीवर जागा जास्त, म्हणून नव्वदच्या दशकात जोडगाणी वाढली आणि ‘ऑल्टरनेटिव्ह’नंतर ‘फॉरमॅट’लाही भरपूर सामान मिळालं. त्यात 2006 च्या एका सिंगलबरोबर आलेलं ‘द रिझरेक्शनिस्ट’ आहे, जुन्या लंडनमध्ये शरीरशास्त्राच्या शाळांना विकण्यासाठी कबरींतून प्रेतं चोरणाऱ्यांवर! असा विषय पुढच्या बाजूला कधी आला असता? मग डाउनलोड आले. 2005 पासून इंग्लंडच्या सिंगल्सच्या यादीत ते मोजले जाऊ लागले, 2014 पासून स्ट्रीमिंगही. आता वस्तूच राहिली नाही, तर पाठ कुठली? ‘फॉरमॅट’ हे नाव मला म्हणूनच हळवं करतं. ज्या साच्यांनी ही गाणी मागितली, ते साचे मोडत असताना हा संच निघाला.

या दोघांनी आपला मागचा माल निगुतीने जपला. 2001 मध्ये पहिले सहा अल्बम पुन्हा काढताना प्रत्येकाला ‘फर्दर लिसनिंग’ नावाची दुसरी सीडी जोडली आणि त्या त्या काळातल्या बी-साइड, कच्ची मुद्रणं, रीमिक्स तिथे लावून दिली. सोबत ख्रिस हीथ या पत्रकाराशी एकेका गाण्याबद्दल मारलेल्या मनमोकळ्या गप्पा. 2023 मध्येही त्यांनी जुनी, बाजूला राहिलेली चार गाणी ‘लॉस्ट’ या नावाने काढली. आपलं न खपलेलंही आपलंच आहे, असं मानणारे कलावंत थोडे.

कोरी पाठ वाया जाऊ नये म्हणून सुरू झालेली ही सोय. कुणी कलेसाठी ती केली नव्हती. पण दर सिंगलमागे एक गाणं देणं भाग पडलं आणि त्या सक्तीतून अशी जागा झाली, जिथे खप विचारायला कुणी येत नव्हतं. माझ्या मते या जोडीचं सर्वांत खरं काम तिथे झालं. जी सक्ती गेली, तिच्याबरोबर ती मोकळीकही गेली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ही सगळी गाणी फोनवर आहेत, पण जोड्या तुटल्या आहेत. ‘इट्स ऑलराइट’ एका यादीत, ‘युवर फनी अंकल’ भलत्याच. मी ती शोधून एकत्र आणतो. आधी ‘इट्स ऑलराइट’ शेवटपर्यंत ऐकतो. मग रेकॉर्ड उचलायला, उलटायला आणि सुई ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबतो. आणि मग दुसरं लावतो.