झाडीपट्टीतला लोसार

विदर्भात तिबेटी माणूस म्हटला की हिवाळ्यातली स्वेटरची दुकाने डोळ्यांपुढे येतात. गोंडपिपरीहून गडचिरोली, वडसा ओलांडून उत्तरेकडे गेले की अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ या माणसांची वस्ती लागते, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागोमाग हजारो निर्वासित आले आणि त्यांतल्या काहींसाठी 1972 मध्ये नोर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली. जिल्हा तेव्हा भंडारा होता. गोंदिया 1999 मध्ये वेगळा झाला, तरी वसाहतीच्या नावाला भंडारा अजून चिकटलेला आहे. थंड, कोरड्या, सातू पिकवणाऱ्या पठारावरचे सण धानाच्या बांध्यांच्या आणि मे महिन्यात भाजून काढणाऱ्या या मुलखात टिकले कसे? श्रद्धा आणि मायभूमीची ओढ हे उत्तर खोटे नाही, पण त्याने भागत नाही. श्रद्धा तर सगळ्याच सणांवर होती, मग काही सण भक्कम राहिले आणि काही सैल का पडले? मला वाटते, उत्तर पंचांगात आहे. जे सण तिथीला बांधलेले होते ते माणसांबरोबर आले, जे पिकाला बांधलेले होते त्यांचा आधार मागेच राहिला.

तिबेटी पंचांगाचा पाया कालचक्र परंपरेचा, म्हणजे मुळात भारतातून गेलेला. त्यातली साठ वर्षांची चक्रे 1027 सालापासून मोजतात. वर्षांना प्राण्यांची नावे देण्याची चाल चीनकडची, पण चांद्रमास, तीस तिथी, तिथीचा क्षय आणि वृद्धी, अधिक मास ही सगळी मांडणी आपल्या ओळखीची आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो. तिबेटात मात्र महाराष्ट्रासारखाच अमावास्येला. त्यामुळे लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, बहुधा आपल्या फाल्गुन शुद्ध प्रतिपदेच्या आसपास, गुढीपाडव्याच्या महिनाभर आधी येते. बाराव्या महिन्याच्या एकोणतिसाव्या तिथीला गुतुक करतात, आणि ही तिथी म्हणजे कृष्ण चतुर्दशीच, महाशिवरात्रीचीच तिथी. 2025 मध्ये महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला होती, लोसार 28 ला. गोठणगावला लागूनच असलेल्या प्रतापगडावर शिवरात्रीची मोठी यात्रा भरते. म्हणजे दोन्ही पंचांगांचे महिने जुळतात त्या वर्षी गडावर यात्रेची गर्दी असते, त्याच सुमारास वसाहतीत जुने वर्ष घराबाहेर काढण्याची तयारी चाललेली असते.

गुतुक हे नऊ जिनसांचे दाट कढण. त्यात कणकेचे मोठे गोळे सोडतात आणि प्रत्येक गोळ्यात काहीतरी लपवलेले असते. मिरची निघाली तर माणूस बडबड्या, कोळसा निघाला तर मनाचा काळा, लोकर निघाली तर मायाळू. थट्टामस्करी आटोपली की उरलेले कढण आणि कणकेची बाहुली घेऊन, पेटत्या चुडी नाचवत, घरातली पीडा बाहेर नेऊन टाकतात. पोळ्याच्या पाडव्याला मारबत गावाबाहेर नेणाऱ्या विदर्भाला याचा अर्थ कुणी उलगडून सांगायला नको. मग लोसारच्या पहाटे देवापुढे चेमार मांडायचे, म्हणजे नक्षीच्या लाकडी पेटीत एका बाजूला भाजलेल्या सातूचे पीठ आणि दुसरीकडे धान्य. सोबत खाप्से ही तळलेली पक्वान्ने, सुगंधी पाल्याचा धूर, नव्या पताका.

आता पिकाचे सण पाहा. ओंगकोरमध्ये सातू कापणीला येण्याच्या बेतात असताना ग्रंथ खांद्यावर घेऊन शेतांना प्रदक्षिणा घालतात. ते दिवस साधारण जुलै-ऑगस्टचे, आणि तेव्हा झाडीपट्टीत रोवणी चालू असते. गुडघाभर चिखलात कापणीपूर्वीची प्रदक्षिणा कशाला घालायची? शोतोन या दह्याच्या सणाचेही तसेच. भिक्षूंचा उन्हाळी एकांतवास संपला की त्यांना दही द्यायचे, त्यातून तो वाढला आणि पुढे लोकनाट्याचा उत्सव झाला. निर्वासनात धरमशाला येथे तो वसंतात होतो, म्हणजे मूळचा हंगाम त्याने सोडलाच. यातली गंमत अशी की हा एकांतवास म्हणजे भारतीय पावसाने घडवलेला वर्षावासच. तो पाऊस विदर्भात आजही धो धो पडतो.

कुणी म्हणेल, लोसारमध्येही सातू आहेच, त्याचे कोवळे कोंबसुद्धा पूजेत मांडतात. खरे आहे. पण त्याला मूठभर धान्य पुरते, शेत लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिबेटी बौद्ध आचार्य त्सोंगखापांच्या पुण्यतिथीचा गांदेन ङमछो तिथीनेच ठरतो, पण येतो बहुधा डिसेंबरात, ऐन स्वेटरच्या हंगामात. कमावती माणसे तेव्हा शहरोशहरी पसरलेली असतात. लोसार हंगाम ओसरल्यावर येतो, हे त्याचे नशीब. तेव्हा तिथीच्या जोडीला धंद्याचाही हात मानावा लागेल. तरीही या पुण्यतिथीचा गाभा दिवे लावण्याचा आहे आणि ते भाड्याच्या खोलीतही लावता येतात. ओंगकोरला अशी पळवाट नाही. तिसरी गोष्ट, 10 मार्चचा तिबेटी उठाव दिन आणि 6 जुलैचा दलाई लामांचा वाढदिवस इंग्रजी तारखेने येतात. हे दिवस निर्वासनानेच घडवलेले. पण शोक करायचा तेव्हा हात तिथीच्या सणाकडेच गेला: तिबेटातल्या 2008 च्या दडपशाहीनंतर 2009 चा लोसार अनेक तिबेट्यांनी साजरा केला नाही.

या पट्ट्यात बौद्ध उत्सव तिबेट्यांनी आणले असे मात्र नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, म्हणजे नोर्ग्येलिंगच्या सोळा वर्षे आधी. गोंडपिपरीकडच्या विहारांत बुद्ध पौर्णिमा वैशाखात होते. तिबेट्यांची सागा दावा, म्हणजे त्यांची बुद्ध पौर्णिमा, चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला येते, म्हणून बहुतेकदा महिनाभर उशिरा: 2023 मध्ये इकडे 5 मे, तिकडे 4 जून. पण दोन्हीकडचे अधिक मास वेगवेगळ्या वेळी पडतात. 2021 आणि 2024 मध्ये तिबेटी वर्ष महिनाभर पुढे धावत होते. त्या दोन्ही वर्षी लोसार शिवरात्रीच्या सुमारे चार आठवडे आधीच येऊन गेला आणि सागा दावाची पौर्णिमा व बुद्ध पौर्णिमा एकाच दिवशी पडल्या, 2021 मध्ये 26 मेला आणि 2024 मध्ये 23 मेला.