बीडचा प्लेग आणि ४६ लाख अक्षरांचं कोडं

आजची गोष्ट आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून सव्वाशे किलोमीटरवरची.

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. आधी घरांत उंदीर मरून पडायला लागले, पिसवांचा त्रास वाढला, मग माणसांना ताप आणि काखेत-जांघेत गाठी. जवळपास २८ वर्षांनी भारतात प्लेगचं नाव निघालं. सप्टेंबरमध्ये सुरत. तिथून लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण पप्पा सांगतात, एसटीत कुणी खोकलं की शेजारची सीट रिकामी व्हायची.

आणि वाद काय? तर हा खरंच प्लेग होता का! काही डॉक्टरांना शंका होती. पुरावा पाहिजे होता.

असा एक पुरावा २००० साली आला. हैदराबादच्या सीसीएमबीने साथीतल्या जिवाणूंचं १६एस नावाचं जनुक वाचलं. फक्त दीड हजार अक्षरं. पण एक लोचा होता. प्लेगचा जिवाणू आणि त्याचा कमी घातक भाऊबंद, दोघांचं हे जनुक जवळपास सारखंच. म्हणजे नुसत्या आडनावावरून माणूस ओळखण्यासारखं. म्हणून त्यांनी जोडीला सगळ्या डीएनएचे ठसेही ताडून पाहिले. उत्तर आलं: प्लेगच.

मग पूर्ण जीनोमच का नाही वाचला? कारण ते सोपं नव्हतं. जिवाणूचा पहिला पूर्ण जीनोम १९९५ चा, १८ लाख अक्षरांचा. प्लेगचा २००१ मध्ये आला, साधारण ४६.५ लाख अक्षरांचा. तोही अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या जिवाणूचा.

मशीन तेव्हा एका वेळी पाचसहाशे अक्षरंच वाचायचं. त्यामुळे डीएनएचे तुकडे करा, वाचा, आणि एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी जुळवत जा. आम्हा कोडरांना वाटतं, स्ट्रिंग मॅचिंगच तर आहे! पण प्लेगच्या जीनोममध्ये तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात, काही जवळपास दोन हजार अक्षरांचे. भजनातलं ध्रुपद आठवा. वहीची पानं फाटली आणि हातातल्या तुकड्यावर फक्त ध्रुपदच असेल, तर पुढचं कडवं कोणतं? सांगताच येणार नाही. तेव्हा मोठ्या तुकड्याची दोन्ही टोकं वाचून मधलं अंतर धरायचे आणि अंदाज बांधायचे. आज हातात मावणारं मशीन हजारो अक्षरं सलग वाचतं. ध्रुपदासोबत आधीचं आणि नंतरचं कडवंही येतं.

मामला ते हे उत्तर, सहा वर्षं. कोविडमध्ये विषाणूचा जीनोम काही आठवड्यांत जगासमोर होता. विषाणू लहान असतो, मान्य. पण एसटीतल्या त्या रिकाम्या सीटचा विचार करा. लोक आजाराला घाबरतातच. पण त्याचं नाव नक्की माहीत नसलं की जास्त घाबरतात.

तुमच्या घरी ९४ च्या आठवणी असतील तर आजच विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!